विक्रेत्याशी नाते

'वर्णिनी' सौंदर्यप्रसाधनांच्या बाणेर शाखेत गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायची पद्धत नव्हती. काउंटरसमोर मऊ गादीची तीन स्टुलं होती, पण त्यांच्यावर नव्या मालाची खोकी रचलेली असायची. खोकी खाली उतरवायची की नाहीत, हे हर्षदा रासने समोरच्या बाईच्या चपला बघून ठरवायची. आधी चपला, मग पर्स, मग नखं; चेहऱ्याची पाळी सगळ्यांत शेवटी. चपला साध्या निघाल्या, की शेजारच्या काउंटरवरच्या मुलीशी चाललेल्या गप्पा ती सावकाश संपवायची आणि मग मान वळवून विचारायची, "बजेट काय आहे मॅडम?" बाईनं नमुन्याच्या लिपस्टिकला हात लावलाच, तर तिच्यादेखत ती नळी टिश्यूनं पुसून जागेवर ठेवायची. रंग दाखवायचा तो बाईच्या हातावर नव्हे, कागदाच्या पट्टीवर. तोंडातून वावगा शब्द एकही नाही. तक्रार करावी तर कशाची करणार?

अशानं खरं तर दुकानात माश्या मारायची वेळ यायची. पण हर्षदाचा काउंटर सलग तीन वर्षं पुण्यात पहिला येत होता. बायका तणतणत निघून जाण्याऐवजी मुकाट्यानं सगळ्यांत महागडी डबी घेऊन जायच्या. "हातगुण आहे एकेकाचा," असं हर्षदा हसून सांगायची. असं का होतं ते तिला मनातून ठाऊक होतं, पण काही गोष्टी माणूस स्वतःशीसुद्धा बोलत नाही.

ती गोष्ट बोलून दाखवली एका आरशानं.

हा आरसा दोन वर्षांपूर्वी दुकानात आला. मुलींनी त्याचं नाव ठेवलं होतं आत्याबाई, कारण दारातून आत आलेल्या प्रत्येकीला तो आधी निरखून बघायचा आणि मग तिच्या रंगाबद्दल मत द्यायचा. काचेमागे कॅमेरे होते. काम साधंच होतं: चेहऱ्याला जुळेल असं फाउंडेशन शोधून देणं. पण हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं. आपल्या चेहऱ्याचा रंग दोन गोष्टींनी बनतो. एक म्हणजे कातडीतलं मेलॅनिन. ते सावकाश बदलतं, उन्हाळाभर उन्हात फिरलात तर. दुसरं म्हणजे कातडीखालच्या बारीक शिरांमधलं रक्त, आणि ते क्षणाक्षणाला कमीजास्त होतं. जिना चढून धापा टाकत आलेल्या बाईच्या गालाशी रंग जुळवला, तर घरी गेल्यावर तो जुळत नाही आणि दुसऱ्या दिवशी बाई डबी परत करायला उभी राहते. म्हणून आरसा चेहऱ्यातून रक्त वजा करायचा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्यावरून परतणारा हिरवा प्रकाश इतका थोडा कमी होतो, की आपल्या डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याला लागतो. तेवढा भाग बाजूला काढला, की उरतो तो बाईचा खरा रंग.

बाजूला काढलेला भाग नुसताच साठत पडला होता. कंपनीतल्या डॉ. सोहनी नावाच्या संशोधकानं तो एक दिवस उघडून बघितला, आणि त्याच्या हाती घबाड लागलं. रागात रक्त कपाळाकडे धावतं, दमल्यावर चेहराभर सारखं पसरतं, आणि लाज वाटली की आधी कान, मग मान, मग गाल असं चढत जातं आणि लवकर उतरत नाही. सावळ्या चेहऱ्यावरची ही लाली माणसाला दिसत नाही, आरशाला मात्र लख्ख दिसते. सोहनींनी लाखभर चेहऱ्यांची आणि त्यांच्या खरेदीची सांगड घातली. काउंटरवर जिला लाज वाटली ती बाई दुप्पट किमतीची वस्तू घेत होती, निम्म्या वेळात घेत होती आणि परत करायला कधीच येत नव्हती. कारण वस्तू हातात पडली की रक्त उतरायला लागायचं. आपण ऐऱ्यागैऱ्या नाही, हे दाखवून झालं की सुटका.

दुसऱ्या एखाद्या कंपनीनं हे वाचून विक्रेत्यांना चार शब्द सुनावले असते. 'वर्णिनी'नं हर्षदाला बढती द्यायचं ठरवलं.

गुरुवारी दुपारी तिला मुख्य कचेरीत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला विभागप्रमुख रेवती कर्णिक, दुसऱ्या बाजूला डॉ. सोहनी, हळू बोलणारे, चष्म्यातून अदबीनं बघणारे गृहस्थ. हर्षदाला बसायला खुर्ची होती. ती पाठ टेकून बसली आणि पोटऱ्यांतली कळ ओसरताना तिला जाणवली. अठरा वर्षं काउंटरमागे उभं राहून तिच्या पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या. संध्याकाळी घरी गेल्यावर भिंतीला पाय लावून पडल्याशिवाय तिला स्वयंपाकघरात उभं राहवत नसे.

"प्रशिक्षण प्रमुख," रेवती म्हणाली. "एकशे नव्वद दुकानं. बसून करायचं काम. पुढच्या महिन्यापासून आरसे बोलायला लागणार आहेत, आणि ते तुझ्यासारखे बोलणार आहेत. तुझं बघणं, तुझं थांबणं, ते टिश्यूचं... सगळं. फक्त संमतीची सही हवी, सोमवारपर्यंत."

हर्षदाला आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. खुर्चीचे हात तिनं दोन्ही बाजूंनी चाचपून बघितले.

"तुमच्या चारशे विक्रींमधून एक नमुना निवडलाय," सोहनी म्हणाले. "इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळाला नाही. सगळ्या आरशांना आधी हाच शिकवणार."

भिंतीवर चित्र उमटलं. ग्राहकाची ओळख लपवायचा नियम असल्यामुळे बाईचा चेहरा पुसून तिथे राखाडी ठसा ठेवला होता, नाकडोळे नसलेला. आवाजही काढून टाकला होता. त्या राखाडीवर रक्ताचा तांबडा रंग तेवढा सरकत होता. कानांपासून सुरू झाला, मानेवर उतरला, गालांवर चढला. काउंटरच्या अलीकडे हर्षदा होती, स्पष्ट, नेहमीची. तिच्या हातात कागदाची पट्टी होती.

आणि त्या बाईनं हात पुढे केला.

"हे काय ते आम्हाला उमगलं नाही," सोहनी म्हणाले. "हात असा विचित्र का धरला असावा? संधिवात असेल."

अंगठा तळव्यात मुडपलेला, बोटं एकमेकांना चिकटवून निमुळती केलेली, कोपर जरासं उचललेलं. लिपस्टिकचा रंग बघायला असा हात कुणी पुढे करत नाही. कासारणीसमोर बांगड्या भरायला बसलेली बाई असा हात देते. आणि जी जन्मभर दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरत आली, तिला काउंटरपलीकडच्या माणसाकडे हात द्यायचा तर तो असाच द्यायचा असतो, एवढंच ठाऊक असणार.

ती हर्षदाची आई होती.

दोन महिन्यांपूर्वीचा शनिवार. इंदुमती वेळापुरे बार्शीहून पुण्याला डोळे तपासून घ्यायला आल्या होत्या आणि लेकीचं दुकान एकदा बघावं म्हणून विचारत विचारत बाणेरला पोचल्या होत्या. हातात वायरची पिशवी, पायात रबरी चपला. त्या दिवशी रेवती कर्णिक दुकानात तपासणीला आली होती. हर्षदानं तिला कधीतरी सांगून ठेवलं होतं, की माहेरी दागिन्यांची पेढी आहे. बार्शीच्या गल्लीत पाट टाकून बसणारी आई आहे, असं सांगायला तिची जीभ वळली नव्हती. आईनं काउंटरपाशी येऊन "आगं..." एवढंच म्हटलं, आणि हर्षदा म्हणाली, "बोला मॅडम, काय दाखवू?"

आईनं एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "लिपस्टिक दाखवा."

जन्मात जिनं ओठाला तूप सोडून दुसरं काही लावलं नाही, त्या बाईनं सगळ्यांत महागडी लिपस्टिक घेतली. लेकीच्या नावावर विक्री पडावी म्हणून घेतली असणार. हर्षदानं ती नेहमीसारखी पिशवीत घालून दिली. संध्याकाळी तिनं फोनवर सांगितलं, "आई, दुकानात ओळख दाखवायची परवानगी नसते गं, कॅमेरे असतात." "आसंल की," आई म्हणाली. "दुकान लई गार हाय पर तुझं." एवढ्यावर ते संपलं. आईला खरं वाटलं, असं हर्षदानं धरून ठेवलं, आणि त्या धरलेल्या गोष्टीवर दोन महिने काढले. बार्शीला मात्र ती गेली नाही.

"आता या दोन रेघा बघा," सोहनी सांगत होते. चित्राखाली दोन रेघा धावत होत्या, वरची ग्राहकाची, खालची विक्रेत्याची. आरशात दोघींचेही चेहरे पडतात, तेव्हा नोंद दोघींची होते. "तुमची रेघ कायम सपाट असते, रासनेबाई. तोच तुमचा गुण. फक्त याच नमुन्यात बघा, चौथ्या सेकंदाला तुमची चढली, आणि सहाव्या सेकंदाला त्यांची. आणि तुमची त्यांच्यापेक्षा वर गेलीय. त्या दिवशी अंगात ताप होता का?"

रेवती हसली. "एवढ्या गार दुकानात?"

"शिकवताना ती रेघ आम्ही वजा करू," सोहनी म्हणाले. "काही अडचण नाही. दुसरी गंमत अशी, की या बाईंचं रक्त वस्तू हातात पडल्यावरही उतरलं नाही. दारातून बाहेर जाईपर्यंत तसंच. म्हणून तर हा नमुना अमूल्य."

हर्षदा त्या दोन रेघांकडे बघत राहिली. आधी आपली, मग आईची. मध्ये दोन सेकंद. चित्रात तिचे ओठ 'बोला मॅडम' म्हणायला हलले ते सातव्या सेकंदाला.

आई बांगडी भरताना हाताकडे कधीच बघायची नाही. हात बोटांना कळतो, म्हणायची, डोळे तोंडावर पायजेत. बांगडी पेरावर अडली की बाईच्या तोंडावर काहीतरी हलतं, तिला स्वतःला दुखायच्या आधी हलतं, आणि तेवढ्यात हात थांबला पायजे. चाळीस वर्षं ती सावळी, काळी, उन्हानं रापलेली तोंडं वाचत आली होती. तिला लेकीच्या तोंडावरचं रक्त दिसलं नसेल? हर्षदा एक शब्द बोलायच्या आधीच तिनं ते वाचलं होतं. आपल्याला बघून पोरीला लाज वाटली, हे तिला कळलं होतं. फोनवरचं 'आसंल की' हे सगळं कळून म्हटलेलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या हर्षदाचे कान तापले, मान तापली. इथे आरसा नाही, ही मेहेरबानी.

"हा नमुना काढून टाकता येईल का?" तिनं विचारलं.

"विक्रेत्याला तो हक्क नाही," सोहनी म्हणाले. "ग्राहकानं स्वतः लेखी मागितलं तर लगेच काढावा लागतो. कायदाच आहे. पण ही बाई कोण, कुठली, कुणाला माहीत?"

त्यांनी सहज तो अर्जही दाखवला. एका पानाचा होता. ग्राहकाचे नाव, विक्रेत्याचे नाव, तारीख, आणि शेवटी 'विक्रेत्याशी नाते (असल्यास)'. मुली आपल्याच मावशा-काकूंना गिऱ्हाईक म्हणून आणून विक्री फुगवतात, म्हणून कंपनीनं तो रकाना घातला होता. नातं लपवलेलं सापडलं की विक्री रद्द आणि चौकशी. चौकशीतल्या बाईला एकशे नव्वद दुकानांची प्रमुख कोणी करत नाही.

"ओळखीची आहे का?" रेवतीनं विचारलं.

"नाही," हर्षदा म्हणाली.

दुसऱ्यांदा. या वेळी तर आई समोरही नव्हती. निघताना तिनं संमतीच्या कागदाबरोबर तो अर्जही गुपचूप पर्समध्ये घातला.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती बार्शीला निघाली. वाटेत चार वेळा तिला वाटलं, की सही करावी आणि विसरून जावं. आईचा चेहरा तर पुसलेलाच आहे. कुणाला कळणार? पण मग तो हात डोळ्यांसमोर यायचा. तो हात एकशे नव्वद आरशांना दाखवला जाणार होता: बघा, असा हात पुढे आला की पट्टी कागदाची वापरायची.

नागपंचमी दोन दिवसांवर होती, म्हणून आईच्या पाटासमोर पाच-सहा बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, सगळ्या खेड्यापाड्यांतून आलेल्या. लग्न होऊन गेलेल्या हर्षदाला त्यांच्यातलं कुणी ओळखत नव्हतं. आई एका बाईचा हात मांडीवर घेऊन बांगडी सरकवत होती. तिनं मान वर केली. हात थांबला. हर्षदाच्या तोंडाकडे ती पुरता एक क्षण बघत राहिली.

"कोन वं ह्या?" पांगरीच्या एका बाईनं विचारलं.

"गिऱ्हाईक हायती," आई म्हणाली. "पुन्याच्या दिसत्यात." आणि शेजारच्या पाटावरची बांगड्यांची पुडकी उचलून तिनं मागे ठेवली, पदरानं पाट पुसला. "बसा बाई."

धरणीनं पोटात घ्यावं, असं हर्षदाला वाटलं. त्या गार दुकानात लेकीनं घातलेला नियम आईनं जसाच्या तसा पाळला होता. लेकीला चारचौघींत आपली लाज वाटते, तर आपण ओळख देऊ नये, एवढा सरळ तिचा हिशोब होता. त्यात राग असता, टोमणा असता, तर बरं वाटलं असतं. ती खाली बसली.

"कंच्या दाखवू?"

"हिरव्या," हर्षदा म्हणाली.

आईनं तिचा हात घेतला, अंगठ्याखालचा भाग दोनदा दाबून बघितला आणि न बघता माप काढलं. वीस वर्षांत या हाताला कुणी असं धरलं नव्हतं, आणि या हातानंही कुणाला धरलं नव्हतं. पहिल्या चार सहज गेल्या. पाचवी पेरावर अडली, आणि हर्षदाला दुखायच्या आत आई थांबली.

"एक कागद आणलाय," हर्षदा म्हणाली. "सही पाहिजे. तुझं... त्या दुकानातल्या आरशानं तुझं चित्र घेतलंय. ते काढून टाकायचा अर्ज."

"मला चष्म्याबिगर न्हाई दिसत," आई म्हणाली. "तुमीच वाचा."

चष्मा आईच्या गळ्यात दोरीला लटकत होता. तो हर्षदाला दिसला, आणि तिला दिसला हे आईलाही दिसलं. डाव्या हातानं पर्समधून अर्ज काढून ती वाचायला लागली. "ग्राहकाचे नाव, इंदुमती दगडू वेळापुरे. राहणार बार्शी. 'वर्णिनी'च्या आरशानं टिपलेली माझी नोंद काढून टाकावी."

"काकू, तुमी कशापायी गेलता तसल्या दुकानात?" पांगरीची बाई म्हणाली.

"लिपस्टिक आनाया," आई म्हणाली, आणि सगळ्या बायका खदखदून हसल्या. आई हसली नाही.

"काय करतोय त्यो आरसा?" तिनं विचारलं.

"तोंड वाचतो. बाईला लाज वाटली की त्याला कळतं."

"मग थांबतोय का?"

"नाही. मग जास्त महागाचं दाखवतो."

अडलेली बांगडी आईनं थोडी मागे घेतली, कलती केली. "वाचा फुडं."

"विक्रेत्याचे नाव, हर्षदा रासने." पुढचा रकाना आला. "विक्रेत्याशी नाते."

ती थांबली. इथे लिहिलं की चौकशी, मग ती खुर्ची नाही, आणि पुढची कैक वर्षं त्याच काउंटरमागे याच पायांवर, तेही ठेवलं तर. आई तिच्या तोंडाकडेच बघत होती. ते सगळं तिनं वाचलं असणार, कारण हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "ते रिकामं ठिवा. चालतंय."

"नाही चालत," हर्षदा म्हणाली. ती मोठ्यानं म्हणाली, कारण हळू म्हणाली असती तर पुन्हा गिळलं गेलं असतं. बायकांकडे वळून म्हणाली, "आई. विक्रेत्याशी नाते, आई. मी हिची मुलगी आहे. ही माझ्या दुकानात आली होती, आणि मला हिची लाज वाटली, म्हणून मी हिला ओळख दिली नाही."

पांगरीची बाई आपल्या हातातल्या नव्या बांगड्यांकडे बघत बसली. हर्षदाचे कान पेटले होते, मान पेटली होती, आणि ते उतरत नव्हतं. ते लपवायला काउंटर नव्हता, कागदाची पट्टी नव्हती. तिचा हात आईच्या मांडीवर होता, अंगठा तळव्यात मुडपलेला.

"आन तो हिकडं," आई म्हणाली. अर्ज घेऊन तिनं पाटाखाली सारला. "सही मागनं. आदी बांगड्या हुंदी."

तिनं पाचवी बांगडी पुन्हा पेरापाशी आणली. डोळे लेकीच्या तोंडावर होते. त्या तोंडावरून आता पाणी ओघळत होतं आणि खांदे हलायला लागले होते.

"रडायचं तर रड," आई म्हणाली. "पन हात हलवू नगंस. काच हाय."

हर्षदानं हात हलवला नाही.